म्हातारपणाचं वय कोण ठरवतं?

मार्च २०२३ ची गोष्ट. मालेगावात आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात टीव्हीवर बातम्या चालू होत्या. १४ तारखेपासून राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. दोन-तीन दिवसांनी त्याच टीव्हीवर पॅरिस दिसलं. फ्रान्सच्या सरकारनं निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारं विधेयक राष्ट्रीय सभेत मतदान न घेताच पुढं रेटलं होतं आणि रस्त्यावर साचलेल्या कचऱ्याचे ढीग पेटत होते.

शेजारी बडे अब्बा बसले होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय ६९. बाराव्या-तेराव्या वर्षी सांच्यावर गेले, ते अजून सांच्यावरच आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून बातमी मला मोठ्यानं सांगावी लागली. दोन वर्षं जास्त काम करावं लागणार म्हणून ही माणसं चिडलीत, असं मी म्हणालो. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “और हमारा रिटायरमेंट कब है?”

हॉटेलात हशा पिकला. तेही हसले. मला मात्र उत्तर देता आलं नाही. त्यानंतर बरेच दिवस मी पेन्शनचा इतिहास वाचत होतो. निवृत्तीचं वय पहिल्यांदा कुणी ठरवलं, ते कधी खाली आलं, कधी वर गेलं आणि या सगळ्या हिशेबात बडे अब्बांसारखी माणसं कुठं होती, हे मला पाहायचं होतं.

वयाचा आकडा नव्हता तेव्हा

शाळेच्या पुस्तकात आपल्याला पेन्शन भेटते ती राजेरजवाड्यांची. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली, तेव्हा इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये ठरवून दिले आणि बिठूरला पाठवलं. १८५१ मध्ये तो वारल्यावर दत्तक मुलाला, म्हणजे नानासाहेबाला, ती पेन्शन नाकारली. त्याआधी मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ मिळायची. दोन्हीकडे पैसा मिळे तो सत्तेशी असलेल्या नात्यामुळं. माणूस म्हातारा झाला, त्याचे हात चालेनासे झाले, एवढं कारण पुरेसं नव्हतं.

एवढं कारण पुरेसं मानणारी एक जुनी नोंद मुस्लिम परंपरेत आहे. खलिफा हारून रशीद यांच्या काळातले काझी अबू यूसुफ यांनी खलिफाच्या सांगण्यावरून करव्यवस्थेवर ‘किताबुल खराज’ हा ग्रंथ लिहिला. त्यात हजरत उमर (रजि.) यांची एक हकिकत येते. त्यांना एका दारात भीक मागणारा आंधळा म्हातारा दिसला. तो यहुदी होता. जिझिया, गरज आणि वय या तिन्हींपायी भीक मागावी लागते, असं त्यानं सांगितलं. हजरत उमर त्याला घरी घेऊन गेले, जवळचं काही दिलं आणि बैतुलमालच्या खजिनदाराला निरोप पाठवला. तरुणपणी याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडायचं, हा न्याय नव्हे, असा त्या निरोपाचा आशय. त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ झाला.

ही गोष्ट आपण जुम्म्याच्या बयानात खूपदा ऐकतो. खलिफाच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. मला तिच्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. कमावत्या वयात माणूस समाजाला देतो, म्हणून हात थकल्यावर समाज त्याचं देणं लागतो. आजच्या प्रत्येक पेन्शन कायद्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे इथं वयाचा आकडा नाही. त्या म्हाताऱ्याला कुणी जन्मतारीख विचारली नाही, त्याची अवस्था पाहिली.

पण भाबडं होण्याचंही कारण नाही. हजरत उमर यांनी दिवान सुरू करून लोकांची नोंद केली आणि त्यांना वार्षिक रकमा बांधून दिल्या, हे खरं. पुढच्या राजवटींत मात्र खजिना बऱ्याचदा राजघराण्याची तिजोरी झाला. खलिफाच्या सद्सद्विवेकावर चालणारी व्यवस्था खलिफा बदलला की बदलते. म्हाताऱ्या माणसाला हक्क म्हणून काही मिळायचं असेल, तर ते कायद्यात लिहावं लागतं. ते काम फार उशिरा झालं.

बिस्मार्कचं सत्तर

१८८९ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळात वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला आणि १८९१ पासून तो लागू झाला. कामगार आणि मालक दोघांनी हप्ता भरायचा, सरकारनं त्यात भर घालायची. बिस्मार्क काही मजुरांचा कैवारी नव्हता. समाजवादी पक्षाकडं वळणारा कामगार त्याला राज्याशी बांधून ठेवायचा होता.

बिस्मार्कनं ६५ हे वय ठरवलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते चूक आहे. मूळ कायद्यात वय ७० होतं. ६५ झालं १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना. त्या काळी गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या किती माणसांनी सत्तरी पाहिली असेल? म्हणजे कायदा झाला, पण ज्यांच्यासाठी झाला त्यातले बरेचसे पेन्शनच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. (म्हातारपणाआधीच अपंग झालेल्यांना वेगळी पेन्शन होती आणि सुरुवातीला तिचाच लाभ अधिक लोकांना झाला.)

न्यूझीलंडनं १८९८ मध्ये हप्ता न भरता मिळणारी पेन्शन आणली, वय ६५. त्या कायद्यातून चिनी आणि इतर आशियाई माणसं वगळली होती. वय ठरवताना ‘कुणाचं वय’ हेही ठरवलं जातं, ते असं.

पाच शिलिंग

इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या गरिबाला शेवटचा आसरा होता वर्कहाउसचा. १८३४ च्या कायद्यानं तिथलं जगणं मुद्दाम इतकं कष्टाचं ठेवलं होतं की माणसानं बाहेर राहून मिळेल ते काम करणं पत्करावं. नवरा-बायकोला आत वेगवेगळं राहावं लागे. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीची वर्षानुवर्षं पाहणी केली आणि दाखवून दिलं की म्हातारपण हेच दारिद्र्याचं एक मोठं कारण आहे. दारू आणि आळस यांच्यावर खापर फोडून भागणार नाही.

१९०८ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा संमत करून घेतला. १ जानेवारी १९०९ पासून पोस्टातून पैसे मिळू लागले. आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, वय ७०. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लोकांना ती मिळाली, त्यात स्त्रियाच जास्त होत्या. पूर्ण रक्कम हवी असेल तर वार्षिक उत्पन्न २१ पौंडांपेक्षा जास्त नसावं, अशी अट होती. तुरुंगात जाऊन आलेला, काम टाळणारा, अशा माणसांना वगळण्याची सोय होती. रक्कम लहान होती, अटी जाचक होत्या. तरी पोस्टाच्या खिडकीवर पैसे घेताना कुणापुढं हात पसरल्यासारखं वाटत नव्हतं, आणि वर्कहाउसची भीती थोडी मागं सरली होती.

१९२५ च्या कायद्यानं हप्ता भरणाऱ्या कामगारांसाठी वय ६५ वर आणलं. स्त्रियांचं वय ६० झालं १९४० मध्ये. त्यामागं एका चळवळीचा हात होता. ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात फ्लॉरेन्स व्हाइट यांनी १९३५ मध्ये अविवाहित स्त्रियांची संघटना उभारली. पहिल्या महायुद्धात त्या पिढीतले असंख्य तरुण मारले गेले होते. ज्यांची लग्नं झाली नाहीत अशा स्त्रिया गिरणीत राबत, घरी म्हाताऱ्या आईबापांना सांभाळत आणि पन्नाशीतच थकून जात. आम्हाला ५५ व्या वर्षी पेन्शन द्या, अशी त्यांची मागणी होती. मिळालं ६०. ‘आमचं शरीर कधी झिजतं ते आम्हाला विचारा’ हा त्या मागणीचा गाभा होता. बडे अब्बांचा प्रश्न मला इथं पुन्हा ऐकू आला. माग ब्रॅडफर्डचा असो की मालेगावचा, माणसाला तो सारखाच झिजवतो.

१९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर १९४६ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि १९४८ पासून पूर्ण व्यवस्था सुरू झाली. पुरुष ६५, स्त्रिया ६०. पुढची साठेक वर्षं हे आकडे हलले नाहीत.

वय वाढवण्यामागचं गणित

ब्रिटनमध्ये आपण भरलेला हप्ता आपल्या नावानं कुठं साठून राहत नाही. आज काम करणाऱ्यांच्या हप्त्यातून आजच्या म्हाताऱ्यांना पैसे दिले जातात. उद्या हे काम करणारे म्हातारे होतील, तेव्हा त्यांच्या पोरांच्या हप्त्यातून त्यांना मिळतील. पिढ्यांमधला हा विश्वासाचा व्यवहार आहे. म्हातारे वाढले आणि तरुण कमी झाले की तो ताणला जातो.

१९४८ मध्ये ६५ वर्षांच्या माणसाला सरासरी साडेतेरा वर्षं पेन्शन मिळेल असा अंदाज होता. २०१७ पर्यंत हा आकडा जवळपास २३ वर्षांवर गेला. इतकी जास्त वर्षं पैसे द्यायचे, तर सरकारपुढं तीन वाटा उरतात. हप्ता वाढवा, पेन्शन कमी करा किंवा वय वाढवा. एडेअर टर्नर यांच्या आयोगानं २००५ मध्ये वय हळूहळू वाढवण्याची आणि त्याच वेळी नोकरदारांना आपोआप बचत योजनेत घेण्याची शिफारस केली. आज तिथं स्त्री-पुरुष दोघांचं वय ६६ आहे आणि २०२६ ते २०२८ दरम्यान ते ६७ होतं आहे. २०१२ पासून पात्र नोकरदाराला मालक आपोआप पेन्शन फंडात घेतो. हवं तर त्यानं बाहेर पडावं. सध्या किमान आठ टक्के रक्कम त्यात जाते, त्यातले किमान तीन टक्के मालकाचे.

हे गणित खोटं नाही. फ्रान्समध्ये रस्त्यावर उतरलेल्यांनाही ते ठाऊक होतं. अडचण ‘सरासरी’ या शब्दात आहे. इंग्लंडमध्ये सर्वात गरीब भागातला पुरुष सर्वात श्रीमंत भागातल्या पुरुषापेक्षा जवळपास दहा वर्षं आधी मरतो. निरोगी आयुष्यातला फरक तर अठरा वर्षांच्या आसपास आहे. सतराव्या वर्षी विटा उचलायला लागलेला आणि पंचविसाव्या वर्षी खुर्चीत बसलेला, दोघांचंही वय एका वर्षानं वाढवलं, तर दुसऱ्याच्या पेन्शनची वीस-बावीस वर्षं शाबूत राहतात. पहिल्याच्या वाट्याला मुळातच दहा असतील, तर त्यातलं एक जातं.

किती आधी सांगितलं?

वय वाढवताना आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे किती आधी सांगितलं. १९९५ च्या कायद्यानं ब्रिटिश स्त्रियांचं वय ६० वरून ६५ करायचं ठरलं. अंमल २०१० पासून सुरू व्हायचा होता. पंधरा वर्षांची मुदत कागदावर भरपूर वाटते. २०११ च्या कायद्यानं वेग वाढवला, २०१८ मध्ये स्त्रियांचं वय ६५ आणि २०२० मध्ये सगळ्यांचं ६६ झालं. १९५० च्या दशकात जन्मलेल्या लाखो स्त्रियांचं म्हणणं असं की आपलं वय बदललंय हे आपल्याला फार उशिरा कळलं. काहींनी साठीचा हिशेब करून नोकरी सोडली होती, काही आजारी नवऱ्याची सेवा करत होत्या. २०१५ मध्ये त्यांनी संघटना काढली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा वय समान करण्याला विरोध नव्हता. तयारीला वेळ दिला नाही, ही तक्रार होती.

संसदेच्या लोकपालांनी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की या स्त्रियांना वैयक्तिक पत्रं पाठवायला खात्यानं २८ महिने उशीर केला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी प्रत्येकी एक हजार ते २,९५० पौंड भरपाईची शिफारस केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं भरपाई द्यायला नकार दिला.

बचत म्हणजे वेळ. तिसाव्या वर्षी महिन्याला बाजूला टाकलेल्या पाचशे रुपयांना वाढायला तीस वर्षं मिळतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी तेच पाचशे टाकले, तर त्यांचे पाचशेच राहतात. म्हणून वय वाढवण्याची बातमी माणसाला उशिरा देणं म्हणजे त्याच्या हातची बचतीची वर्षं काढून घेणं.

जे कराराच्या काठावर होते

फ्लॉरेन्स व्हाइट यांच्या ब्रॅडफर्डमध्ये १९५०-६० च्या दशकांत मीरपूर आणि पंजाबकडचे मजूर आले. गोऱ्या कामगारांना नको असलेल्या रात्रपाळ्या त्यांनी केल्या. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या आणि पन्नाशीची माणसं घरी बसली. त्या काळी पुरुषाला पूर्ण मूळ पेन्शनसाठी ४४ वर्षांची हप्त्यांची नोंद लागे. तिशीत परदेशातून आलेला माणूस ६५ पर्यंत अखंड राबला, तरी त्याची वर्षं भरतात पस्तीस. नियमात त्याचं नाव कुठंही नव्हतं, पण नियम करताना त्याचं आयुष्य कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं, एवढं नक्की.

फ्रान्समध्ये तर नियमातच भेद होता. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारी रेल्वेनं मोरोक्कोतून तरुण मजूर आणले. फ्रेंच रेल्वे कामगारांना ५५ व्या वर्षी, इंजिन चालकांना ५० व्या वर्षी निवृत्त होता यायचं. मोरोक्कन मजुरांना नागरिकत्वाच्या अटीमुळं तो दर्जा नाकारला गेला. एकच रूळ, तेच काम, पण पगारवाढ कमी, निवृत्ती उशिरा, पेन्शन तोकडी. या म्हाताऱ्यांना तिकडं ‘शिबानी’ म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे. त्यांनी खटले भरले, वर्षानुवर्षं लढले आणि जानेवारी २०१८ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयानं ८४८ जणांच्या बाजूनं निकाल दिला. तोवर काही जण वारले होते.

२०२३ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर जी ६२ आणि ६४ ची लढाई चालली होती, तिच्या मागं हा इतिहासही आहे. माणूस करारात असेल, तरच त्याला वयावरून भांडता येतं. शिबानींची अर्धी हयात करारात येण्यासाठीच गेली.

आणि आपण?

आता बडे अब्बांकडं येतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन मिळत नव्हती, म्हणून मार्च २०२३ चा संप झाला. त्यांची मागणी मला चूक वाटत नाही. पण ते करारात होते. कराराच्या अटी बिघडल्या म्हणून भांडत होते.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे. साधारणपणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. त्यातल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत वय ५८ आणि किमान पेन्शन महिना एक हजार रुपये. आमच्याकडं आठ-दहा-बारा सांच्यांच्या लहान कारखान्यांत वीस माणसं कुठली असणार? मजुरी आठवड्याची, विणलेल्या मालावर. सांचा बंद तर मजुरी बंद. जुम्म्याला सुट्टी मिळते, निवृत्ती मिळत नाही.

सरकारची श्रावणबाळ योजना आहे. वय ६५, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना हजारावरून दीड हजार झाली. १९०८ च्या इंग्लंडात पूर्ण पेन्शनसाठी २१ पौंडांची मर्यादा, आज महाराष्ट्रात २१ हजार रुपयांची. आकडा जुळला हा योगायोग, पण तर्क तोच आहे. बडे अब्बा या मर्यादेत बसत नाहीत, कारण ते कामावर जातात. कामावर जातात, कारण पेन्शन नाही. २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. तिच्यात १८ ते ४० वयाच्या माणसाला नाव घालता येतं, साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजारांची हमी. ती आली तेव्हा बडे अब्बा एकसष्ट वर्षांचे होते.

कोकणातल्या आपल्या भावांची गोष्ट वेगळी दिसते, पण शेवट तोच. रत्नागिरी-रायगडमधून दोन पिढ्या आखातात गेल्या. तिथल्या सरकारी पेन्शन व्यवस्था नागरिकांसाठी आहेत. परदेशी कामगाराला मिळते ती सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढं ३० दिवसांचा. वीस वर्षांच्या घामाची ती रक्कम घेऊन माणूस गावी येतो. घराचं उरलेलं बांधकाम, मुलीचं लग्न, एखादं आजारपण, आणि पंचावन्नाव्या वर्षी खिसा रिकामा.

बचतीचं काय?

आपल्या समाजात बचतीचा विषय निघाला की दोन उत्तरं येतात. एक, रिज्क अल्लाहच्या हातात आहे. दुसरं, बँकेत ठेवलं तर सूद. दोन्हींत श्रद्धा आहे, हे मी मान्य करतो. पण कुरआनातल्या यूसुफ (अलै.) यांच्या कथेत सात सुकाळाच्या वर्षांचं धान्य सात दुष्काळाच्या वर्षांसाठी राखून ठेवण्याचं नियोजन आहे. एक पैगंबर पुढच्या वाईट दिवसांची आज तयारी करतो आणि त्याचा तवक्कुल उणा होत नाही. मग आपला कसा होईल?

सुदाच्या प्रश्नावर मलेशियानं एक वाट काढली. तिथले खेड्यातले मुसलमान हजसाठी पैसे घरात दडवून ठेवत, गुरं-जमीन विकत आणि हजहून परतल्यावर कंगाल होत. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीज यांनी १९५९ मध्ये याच्यावर टिपण लिहिलं आणि १९६३ मध्ये व्याजाशिवाय चालणारी हज बचत संस्था सुरू झाली. लहान लहान ठेवी गोळा करून शेतमळे, इमारती, उद्योग यांत गुंतवायच्या आणि नफा वाटायचा. पुढं तीच ‘तबुंग हाजी’ झाली. २०१८ मध्ये तिच्या हिशेबातला खड्डा उघडा पडला आणि सरकारला ती सावरावी लागली. सावरायला सरकार होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडं २०१९ मध्ये बंगळुरूत ‘हलाल’ नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी बुडाल्या. फंडाच्या नावात हलाल असून भागत नाही, त्याच्यावर कायद्याची देखरेख लागते.

आपल्या बायका भिशी चालवतात. पै-पैचा हिशेब, एकमेकींवरचा विश्वास, सूद नाही. पण भिशीचा पैसा वर्ष-दोन वर्षांत फिरून हाती येतो आणि खर्च होतो, तीस वर्षांसाठी ती नसते. जमातींकडं बैतुलमाल आहे, तो बहुतेक आजारपण आणि शिक्षणासाठी जातो. माझं म्हणणं एवढंच की जमातीच्या बैठकीत एक प्रश्न घ्यावा. मोहल्ल्यातल्या चाळिशीच्या आतल्या किती मजुरांचं नाव कुठल्या तरी पेन्शन योजनेत आहे? नसेल तर का नाही? सुदाची शंका असेल तर आलिमांना बसवून विचारा, व्याजाशिवायचे देखरेखीखालचे पर्याय शोधा. शंका घेऊन वीस वर्षं काढली तर फतवा काहीही येवो, वर्षं परत येणार नाहीत. ब्रिटनमधल्या त्या स्त्रियांना सरकारनं उशिरा सांगितलं. आपल्या पोरांना तर आपणच सांगत नाही.

पण सगळं ओझं बचतीवर टाकणंही अन्याय आहे. मजुरीतून रोजचा चहा-भाकर भागत नाही त्याला ‘बचत कर’ म्हणणं सोपं असतं. बूथ आणि फ्लॉरेन्स व्हाइट यांनी गरिबाला काटकसरीचा उपदेश केला नाही, पेन्शन मागितली. मालेगावच्या मागावरून निघालेल्या कापडावर कर भरला जातो आणि विकणारा, शिवणारा, नेसणारा सगळे देशाच्या तिजोरीत भर घालतात. तरुणपणी घ्यायचं आणि म्हातारपणी सोडायचं हा न्याय नव्हे, हे वाक्य त्या दारातल्या यहुद्याबद्दल खरं असेल, तर सांच्यावरच्या म्हाताऱ्याबद्दलही खरं आहे.

गेल्या महिन्यात मी बडे अब्बांच्या थोरल्या नातवाला घेऊन बँकेत गेलो. तो चोवीस वर्षांचा, सांच्यावरच आहे. त्यानं आधी मौलवीसाहेबांना विचारलं, दोन दिवस विचार केला, मग फॉर्म भरला. संध्याकाळी त्यानं दादांना सांगितलं, की मला साठाव्या वर्षी पेन्शन मिळणार. बडे अब्बांनी कानाला हात लावून ते पुन्हा ऐकून घेतलं. मग बोटांवर हिशेब केला, छत्तीस वर्षं. “तब तक हाथ सलामत रहें,” एवढं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन कारखान्यावर गेले.